प्रोपोफॉल : भूल देणाऱ्या औषधाचे उपयोग, दुष्परिणाम आणि खबरदारी

शस्त्रक्रिया ठरली की रुग्ण आणि नातेवाईक सर्वप्रथम चौकशी करतात ती शस्त्रक्रिया कोण करणार याची. भूल कोण देणार, कोणत्या औषधाने देणार आणि ती चालू असताना रुग्णाकडे कोण लक्ष ठेवणार, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. 'भूल उतरलीच नाही तर?' ही भीती मात्र जवळजवळ प्रत्येकाच्या मनात असते. ही भीती आणि ती बेफिकिरी, दोन्हींचे मूळ अपुऱ्या माहितीत आहे. शिरेवाटे संपूर्ण भूल देण्यासाठी आज जगभर जी औषधे वापरली जातात, त्यांत प्रोपोफॉलचे स्थान अग्रभागी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आणि भारताच्याही अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश आहे. या औषधाची ओळख, त्याचे उपयोग, दुष्परिणाम आणि रुग्णाने घ्यावयाची काळजी यांविषयीची माहिती येथे देत आहोत.

इथरपासून प्रोपोफॉलपर्यंत

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे विल्यम मॉर्टन यांनी इथर हुंगवून दिलेल्या भुलेचे जाहीर प्रात्यक्षिक यशस्वी झाले. पुढच्याच वर्षी, १८४७ मध्ये, एडिंबरोचे डॉ. जेम्स सिम्पसन यांनी क्लोरोफॉर्म वापरात आणले. क्लोरोफॉर्मने वेदना थांबल्या. पण काही रुग्ण शस्त्रक्रियेच्या टेबलावरच दगावू लागले. त्यांचे हृदय आधी बंद पडते की श्वास, यावर मोठा वाद झाला. या वादाचा निकाल लावण्यासाठी निजामाच्या हैदराबादेत डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने १८८८ आणि १८८९ मध्ये दोन आयोग बसले होते. आजचा मराठवाडा त्या वेळी याच संस्थानात होता. प्राण्यांवरील प्रयोगांवरून 'श्वास आधी थांबतो, म्हणून भूल देणाऱ्याने श्वासावर लक्ष ठेवावे' असा निष्कर्ष या आयोगांनी काढला. क्लोरोफॉर्ममुळे हृदयही अचानक बंद पडू शकते, हे पुढे १९११ मध्ये सिद्ध झाले आणि तो निष्कर्ष अपुरा ठरला. श्वासावर लक्ष ठेवण्याचा धडा मात्र आजही तितकाच खरा आहे.

१९३४ पासून थायोपेंटोन हे शिरेवाटे देण्याचे औषध वापरात आले. त्याने झोप झटकन लागत असे. परंतु वारंवार दिल्यास ते शरीरात साठत असे आणि रुग्ण बराच काळ गुंगीत राहत असे. यावर उपाय शोधत असताना ब्रिटनमधील इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज (आयसीआय) या कंपनीत डॉ. इयन ग्लेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये प्रोपोफॉलचे गुण हेरले. ग्लेन हे मूळचे पशुवैद्य. १९७७ मध्ये माणसांवरील चाचण्या सुरू झाल्या. मात्र हे औषध पाण्यात विरघळत नाही आणि ते विरघळवण्यासाठी आधी वापरलेल्या द्रावकामुळे काही रुग्णांना तीव्र ॲलर्जी झाली. ती कृती सोडून द्यावी लागली. अखेर सोयाबीन तेलाच्या पांढऱ्या मिश्रणाच्या रूपात १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये आणि १९८९ मध्ये अमेरिकेत ते बाजारात आले. या कार्यासाठी डॉ. ग्लेन यांना २०१८ मध्ये वैद्यकशास्त्रातील प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार देण्यात आला.

औषध कसे काम करते?

प्रोपोफॉल दुधासारखे पांढरेशुभ्र दिसते. नेहमीच्या एक टक्का औषधाच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम प्रोपोफॉल असते. त्यासोबत सोयाबीन तेल, अंड्याच्या बलकापासून मिळवलेले लेसिथिन आणि ग्लिसरीन असते.

आपल्या मेंदूत 'गाबा' नावाचे रसायन चेतापेशींना शांत करण्याचे काम करीत असते. प्रोपोफॉल या रसायनाचा प्रभाव वाढवते, त्यामुळे मेंदूची जागृती मावळते. शिरेत औषध सोडल्यानंतर साधारणपणे अर्ध्या ते पाऊण मिनिटात रुग्ण झोपी जातो. एकच मात्रा दिली असेल तर पाच ते दहा मिनिटांत जागही येते. ही जाग औषध शरीराबाहेर गेल्यामुळे येत नाही. मेंदूतील औषध रक्तावाटे स्नायू आणि चरबी यांत पसरते, मेंदूतील त्याचे प्रमाण उतरते आणि डोळे उघडतात. त्यानंतर यकृत त्याचे विघटन करते आणि मूत्रपिंडावाटे ते बाहेर टाकले जाते. म्हणूनच रुग्ण बोलू लागला तरी औषधाचा अंमल पूर्णपणे संपलेला नसतो. घरी जातानाच्या सूचना याच कारणासाठी असतात.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. प्रोपोफॉल हे वेदनाशामक नाही. ते झोप आणते, वेदना थांबवत नाही. त्यामुळे शस्त्रक्रियेत त्याच्या जोडीला वेदनाशामक औषधे आणि गरजेनुसार स्नायू शिथिल करणारी औषधे द्यावी लागतात. 'एक इंजेक्शन दिले आणि भूल झाली' ही समजूत म्हणूनच बरोबर नाही.

उपयोग

संपूर्ण भुलेची सुरुवात करणे हा प्रोपोफॉलचा मुख्य उपयोग होय. झोप लागल्यावर पुढची भूल वायुरूप औषधांनी चालू ठेवतात किंवा पंपाच्या साह्याने प्रोपोफॉलच सतत देत राहतात. शस्त्रक्रियेनंतर उलट्यांचा त्रास होणाऱ्यांना ही दुसरी पद्धत विशेष उपयोगी पडते. कारण प्रोपोफॉलमुळे मळमळ कमी होते. काही कुटुंबांत भुलेच्या वायूंमुळे शरीराचे तापमान धोकादायकरीत्या वाढण्याचा आनुवंशिक विकार असतो. अशा रुग्णांसाठीही प्रोपोफॉल सुरक्षित समजले जाते.

जठर किंवा मोठ्या आतड्याची दुर्बिणीद्वारे तपासणी, टेस्ट ट्यूब बेबी उपचारातील स्त्रीबीज काढण्याची प्रक्रिया, निखळलेला सांधा बसवणे अशा थोड्या वेळाच्या कामांसाठीही ते दिले जाते. मनोविकारांवरील विद्युत उपचारापूर्वीही त्याचा वापर होतो. भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध न देता असा विद्युत उपचार करण्यास मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ अन्वये भारतात मनाई आहे. अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर असलेल्या रुग्णाला शांत ठेवण्यासाठीही हे औषध वापरतात.

मात्रा सर्वांना सारखी नसते

५५ वर्षांखालील निरोगी प्रौढाला झोप आणण्यासाठी वजनाच्या दर किलोमागे साधारणपणे २ ते २.५ मिलिग्रॅम औषध लागते. म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीला १२० ते १५० मिलिग्रॅम, अर्थात १२ ते १५ मिलिलिटर. वृद्ध, अशक्त किंवा हृदयविकार असलेल्या व्यक्तीला दर किलोमागे १ ते १.५ मिलिग्रॅम, तेही हळूहळू, पुरेसे होते. रक्तस्राव झालेल्या रुग्णात मात्रा याहूनही कमी करावी लागते. लहान मुलांना मात्र वजनाच्या मानाने अधिक औषध लागू शकते. हे आकडे केवळ माहितीसाठी आहेत. प्रत्यक्ष मात्रा भूलतज्ज्ञ रुग्णाचा रक्तदाब, नाडी आणि श्वास पाहत ठरवतात.

दुष्परिणाम

*इंजेक्शनच्या जागी आग होणे* : हा सर्वांत अधिक आढळणारा त्रास होय. काही उपाय न केल्यास दहापैकी सुमारे सहा रुग्णांना तो जाणवतो. हाताच्या मागील बारीक शिरेऐवजी कोपराजवळची मोठी शीर निवडल्यास, किंवा आधी लिग्नोकेन दिल्यास, तो बराच कमी होतो. ही आग काही क्षणांपुरतीच असते. हात हिसडू नये.

*रक्तदाब उतरणे* : प्रोपोफॉलमुळे रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्तदाब खाली येतो. तरुण, निरोगी व्यक्ती हे सहन करते. वृद्ध, निर्जलीकरण झालेले किंवा हृदय कमकुवत असलेले रुग्ण यांच्यात मात्र ही घसरण गंभीर ठरू शकते. काहींत नाडीही मंदावते.

*श्वास मंदावणे किंवा थांबणे* : हा सर्वांत महत्त्वाचा परिणाम होय. झोप आणणारी मात्राच श्वास काही काळ थांबवू शकते. शिवाय जीभ मागे पडून श्वासमार्ग बंद होण्याचा धोका असतो. शस्त्रक्रियागृहात भूलतज्ज्ञ याच्या तयारीत असतात. ते मास्कने किंवा नळी घालून कृत्रिम श्वास देतात आणि संकट टळते. गुंगीसाठी दिलेली 'थोडीशी' मात्रा एखाद्याला संपूर्ण भूल ठरू शकते. त्यातच प्रोपोफॉलचा परिणाम उलटवणारे कोणतेही औषध उपलब्ध नाही. अंमल ओसरेपर्यंत रुग्णाचा श्वास सांभाळणे, हाच एकमेव उपाय असतो.

*इतर परिणाम* : झोप लागताना हातपाय किंचित झटकले जाणे, उचकी येणे, जाग येताना सुखद स्वप्ने पडल्याचे सांगणे किंवा थोडे असंबद्ध बोलणे, हे प्रकार आढळतात. ते निरुपद्रवी असतात. क्वचित लघवीला हिरवट रंग येतो. तोही आपोआप जातो. तीव्र ॲलर्जी दुर्मीळ आहे. औषधात स्निग्ध पदार्थ असल्याने दीर्घकाळ दिल्यास रक्तातील ट्रायग्लिसराइड वाढू शकते आणि क्वचित स्वादुपिंडाला सूज येते.

*दीर्घकाळ वापराचा धोका* : अतिदक्षता विभागात मोठ्या मात्रेत, विशेषतः दर तासाला किलोमागे ४ मिलिग्रॅमपेक्षा अधिक प्रमाणात, ४८ तासांहून जास्त काळ प्रोपोफॉल दिल्यास एक दुर्मीळ पण प्राणघातक स्थिती उद्भवू शकते. रक्तातील आम्ल वाढते, स्नायूंचा नाश होतो, मूत्रपिंड आणि हृदय निकामी होऊ लागतात. श्वसनमार्गाच्या संसर्गासाठी दाखल झालेल्या आणि दीर्घकाळ प्रोपोफॉल दिलेल्या पाच बालकांच्या मृत्यूची नोंद १९९२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाली. तेव्हापासून अतिदक्षता विभागात मुलांना दीर्घकाळ शांत ठेवण्यासाठी हे औषध टाळले जाते. शस्त्रक्रियेपुरत्या वापराला हा धोका सहसा लागू होत नाही.

एक कुपी, एकच रुग्ण

तेलकट मिश्रण असल्याने प्रोपोफॉलमध्ये जंतू झपाट्याने वाढतात. १९९० ते १९९३ या काळात अमेरिकेतील सात रुग्णालयांत शस्त्रक्रियेनंतर झालेल्या जंतुसंसर्गांचा माग काढला असता, औषध हाताळण्यातील निष्काळजीपणा उघड झाला. २००८ मध्ये लास व्हेगास येथे दुर्बीण तपासणीच्या केंद्रात वापरलेल्या सिरिंजने पुन्हा औषध काढून तीच कुपी अनेकांना वापरल्यामुळे 'हिपॅटायटिस सी' पसरल्याचे उघड झाले. हजारो लोकांना रक्त तपासून घेण्याची सूचना द्यावी लागली. म्हणूनच एका रुग्णासाठी उघडलेली कुपी दुसऱ्यासाठी वापरू नये, औषध सिरिंजमध्ये भरून फार वेळ ठेवू नये आणि उरलेले टाकून द्यावे, असा नियम आहे. चार पैसे वाचवण्यासाठी तो मोडणे रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

झोपेचे औषध नव्हे

पॉप गायक मायकेल जॅक्सन यांचा २५ जून २००९ रोजी लॉस एंजेलिस येथील राहत्या घरी मृत्यू झाला. शवचिकित्सेत प्रोपोफॉलची विषबाधा हे मृत्यूचे कारण आढळले. निद्रानाशासाठी त्यांना हे औषध घरी दिले जात होते. देखरेखीची आणि श्वास सांभाळण्याची आवश्यक साधने तेथे नव्हती. त्यांचे डॉक्टर कॉनरॅड मरे यांना २०११ मध्ये सदोष मनुष्यवधाच्या आरोपाखाली दोषी ठरवून चार वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली. प्रोपोफॉलने येणारी बेशुद्धी ही नैसर्गिक झोपेला पर्याय होऊ शकत नाही, हे या प्रकरणातून जगासमोर आले. या औषधाचे व्यसनही लागू शकते. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये त्याला नियंत्रित अमली औषधांच्या वर्गात टाकले.

औषध तेच, मात्राही कदाचित तीच. पण शस्त्रक्रियागृहात ते सुरक्षित ठरते आणि शयनगृहात प्राण घेते. फरक असतो तो शेजारी बसून श्वासावर लक्ष ठेवणाऱ्या प्रशिक्षित माणसाचा.

शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाने काय करावे?

*उपाशी राहण्याची सूचना काटेकोरपणे पाळावी.* भुलेत घशाचे संरक्षण करणाऱ्या प्रतिक्षिप्त क्रिया थांबतात. पोटात अन्न असल्यास ते उलटून फुफ्फुसात जाऊ शकते. हलका आहार घेतल्यानंतर किमान ६ तास, तळलेले किंवा जड जेवण झाल्यास ८ तास, आईच्या दुधानंतर ४ तास आणि साध्या पाण्यानंतर २ तास थांबावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. दुधाचा चहा हा पाण्यात मोडत नाही. त्याला ६ तासांचाच नियम लागू होतो. 'घोटभर चहाने काय होते' म्हणून आग्रह करणाऱ्या नातेवाइकांनी हे लक्षात घ्यावे. आणि काही खाल्ले-प्यायले असेलच, तर ते लपवू नये. शस्त्रक्रिया काही तास पुढे गेलेली परवडते.

*भूलपूर्व तपासणीत पुढील गोष्टी न विचारताही सांगाव्यात :*

- पूर्वी भूल दिली असता झालेला त्रास. तसेच रक्ताच्या नात्यातील कोणाला भुलेत झालेला गंभीर त्रास.
- हृदयविकार, दमा, फिट येणे, यकृत वा मूत्रपिंडाचे विकार, मधुमेह, रक्तदाब.
- रात्री मोठ्याने घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे. अशा रुग्णांचा श्वासमार्ग भुलेत लवकर बंद होतो.
- नियमित घेत असलेली सर्व औषधे. आयुर्वेदिक, होमिओपॅथिक आणि झोपेच्या गोळ्यांसह. मधुमेह किंवा वजन घटवण्यासाठी आठवड्यातून एकदा टोचली जाणारी सेमाग्लुटाइडसारखी औषधे पोट रिकामे होण्यास विलंब लावतात. त्यांचा उल्लेख अवश्य करावा.
- दारू, सिगारेट, विडी, तंबाखू, गुटखा आणि मशेरी. संकोचापोटी ही माहिती, विशेषतः स्त्रियांच्या मशेरीची, दडवली जाते. भूलतज्ज्ञ ती विचारतात ते उपदेश करण्यासाठी नव्हे, मात्रा आणि श्वासमार्गाची तयारी ठरवण्यासाठी.
- अंडे किंवा सोयाबीनची ॲलर्जी. अंड्याची ॲलर्जी बहुधा पांढऱ्या भागातील प्रथिनांमुळे असते, तर औषधातील लेसिथिन बलकातील असते. त्यामुळे अशा बहुतेक रुग्णांना प्रोपोफॉल चालते. परंतु निर्णय डॉक्टरांनीच घ्यावा.
- गर्भधारणा किंवा तिची शक्यता.
- हलणारा दात किंवा कवळी. कवळी काढून ठेवावी. नखांचा रंगही पुसावा. बोटाला लावलेल्या यंत्राला रक्तातील प्राणवायू मोजण्यात त्याचा अडथळा होऊ शकतो.

लहान मुले, वृद्ध आणि स्तनदा माता

तीन वर्षांखालील मुलांना वारंवार किंवा तीन तासांहून अधिक काळ भूल दिल्यास मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये दिला. त्यात प्रोपोफॉलचाही समावेश आहे. एकदाच, थोड्या वेळासाठी दिलेल्या भुलेने असा परिणाम होण्याची शक्यता कमी असल्याचेही त्याच इशाऱ्यात म्हटले आहे. त्यामुळे आवश्यक शस्त्रक्रिया भीतीपोटी टाळू नये. जी पुढे ढकलता येते तिच्याबाबत डॉक्टरांशी चर्चा करावी.

वृद्धांना शस्त्रक्रियेनंतर काही काळ गोंधळल्यासारखे होऊ शकते. जवळची ओळखीची व्यक्ती, चष्मा आणि श्रवणयंत्र लगेच मिळाल्यास त्यांना मदत होते. प्रोपोफॉल आईच्या दुधात अत्यल्प प्रमाणात उतरते. माता पूर्ण शुद्धीवर आली आणि बाळाला नीट धरू लागली की स्तनपान सुरू करता येते.

घरी गेल्यानंतर

सकाळी तपासणी होऊन दुपारी घरी जाणारा रुग्ण स्वतःला ठणठणीत समजतो. परंतु त्याची निर्णयशक्ती आणि हालचालीतील चपळता मंदावलेली असू शकते. पुढील २४ तास दुचाकी, मोटार, रिक्षा वा ट्रॅक्टर चालवू नये. यंत्रावर काम करू नये, उकळत्या तेलाशी स्वयंपाक टाळावा. महत्त्वाच्या कागदपत्रांवर सही करू नये आणि मद्य घेऊ नये. झोपेच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. सोबत एक जबाबदार प्रौढ व्यक्ती असावी. श्वास घेण्यास त्रास, न उठवता येण्याइतकी गुंगी, सतत उलट्या, अंगावर पित्तासारखे चट्टे, किंवा पुढील काही दिवसांत थंडी वाजून ताप आल्यास तातडीने रुग्णालयाशी संपर्क साधावा.

रुग्णालयाला विचारावयाचे प्रश्न

संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे. भूल देण्यासाठी पात्र भूलतज्ज्ञ आहेत का? ते काम संपेपर्यंत रुग्णाजवळ थांबणार आहेत का? प्राणवायू, कृत्रिम श्वास देण्याची साधने आणि नाडी, रक्तदाब, प्राणवायूचे प्रमाण व उच्छ्वास मोजणारी यंत्रे तेथे आहेत का? छोट्या तपासणीसाठी 'जरा गुंगीचे इंजेक्शन' दिले जाणार असेल, तर हे प्रश्न अधिकच आवश्यक ठरतात. दुर्बीण हाताळणाऱ्या डॉक्टरांचे लक्ष दुर्बिणीत गुंतलेले असते. श्वासाकडे पाहणारी व्यक्ती वेगळीच हवी.

'भूल उतरलीच नाही तर?' या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. प्रोपोफॉलचा अंमल उतरतोच. औषधच तसे आहे. खरा प्रश्न तो उतरेपर्यंत श्वास कोण सांभाळतो, हा आहे. योग्य हाती ते अत्यंत उपकारक औषध आहे. त्या हातांना खरी माहिती पुरवणे, हा रुग्णाचा आणि त्याच्या घरच्यांचा वाटा होय.

(हा लेख सर्वसामान्य माहितीसाठी आहे. प्रत्येक रुग्णाची प्रकृती वेगळी असल्याने उपचारांबाबत आपल्या डॉक्टरांचा आणि भूलतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.)